मोरचुदाची रेघ

मे संपता संपता विदर्भात वरुड-मोर्शीच्या बाजूला गेलात, तर संत्र्याच्या बगिच्यांत सगळी झाडं निळसर पायमोजे घालून उभी दिसतात. जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत खोड फिकट आभाळी, आणि त्याच्या वर एकदम नेहमीची करडी साल. मधे रेघ. कुणी फूटपट्टी लावून ती आखत नाही. रोजानं आलेल्या माणसाचा हात वाकून जिथवर सहज पोचतो, तिथवर ती आपसूक एका उंचीवर येते. लहानपणी मला वाटायचं, संत्र्याची झाडं अशीच उगवतात.

ती रेघ बोर्डो मलमाची. मामांच्या बगिच्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर, हा कार्यक्रम असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भाचरांकडे त्यातलं एकच काम यायचं, पण त्याचा मान मोठा होता. खिळा धरायचा. आदल्या रात्री मामा एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात लटकवून ठेवायचे. दुसऱ्या बादलीत एक किलो कळीचा चुना विझत पडलेला असायचा, फसफसत, वाफा सोडत. सकाळी दोन्ही एकत्र. सगळं मिळून पाणी दहा लिटर. लोखंडी बादली चालत नाही, कारण तांबं लोखंडावर चढून बसतं, आणि म्हणूनच तर खिळा. घासून लख्ख केलेला खिळा त्या निळ्या कालवणात बुडवायचा, थोडा वेळ धरायचा, वर काढून बघायचा. लालसर झाला तर मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, चुना वाढवा, नाहीतर साल भाजेल. खिळा होता तसाच राहिला की मामा म्हणायचे, "झालं. घ्या बिरूश."

हे सगळं डिंक्यासाठी. संत्र्याच्या खोडातून जमिनीलगत मधासारखा डिंक पाझरायला लागला, की बगीचेवाल्याच्या पोटात गोळा येतो. डिंकाखालची साल कुजलेली असते. कुज खोडाभोवती फिरत जाते आणि एकदा का तिनं पूर्ण वेढा घातला, की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. पानं पिवळी पडतात. आणि यातला क्रूर भाग असा, की मरण्याआधी झाड पुष्कळदा लदलदून बहरतं. अन्न खाली जाऊ शकत नाही, वरच साचतं. नवखा माणूस म्हणतो, यंदा काय बहार धरलाय! मामा त्या झाडाकडे बघतही नाहीत.

डिंक्या करणाऱ्याचं नाव फायटोफ्थोरा. ग्रीकमधून आलेलं हे नाव, अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा'. आपण त्याला बुरशी म्हणतो आणि त्यावरच्या औषधाला बुरशीनाशक. पण जीवशास्त्राच्या हिशोबानं हा जीव बुरशी नाहीच. त्याची पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजची, खऱ्या बुरशीची कायटिनची. नात्यानं तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा. त्याच्या फिरत्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात आणि ते पाण्यात अक्षरशः पोहतात. म्हणून तर खोडाला पाणी लागू देऊ नका, आळं दुहेरी करा, आतल्या वर्तुळात खोड कोरडं आणि बाहेरच्या वर्तुळात पाणी, असं कृषी खात्याची माणसं कानीकपाळी ओरडून सांगतात.

एमएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा हे कळलं, आणि पहिल्यांदा त्या निळ्या रेघेकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. ज्याच्यासाठी हे औषध लावतो तो बुरशी नाही. मग सालीवर ज्या खऱ्याखुऱ्या बुरशी राहतात, त्यांचं काय होत असेल?

सालीवर कुणी राहत असेल हेच मुळात आपल्या मनात येत नाही. साल म्हणजे झाडाचं कातडं, फार तर मुंगळ्यांचा रस्ता. बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा, त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ, खायला काही नाही. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, रात्री उतरतो, मग जूनमध्ये एका दुपारी धबधबा. अशा जागी कोण बिऱ्हाड करील? पण करतात. सालीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून झाड श्वास घेतं. वाढताना पेशीभित्तिकांमधलं पेक्टिन सैल होतं, त्यातून थोडं मिथेनॉल सुटतं, आणि तेच खाऊन जगणारे गुलाबी जिवाणू आहेत, मिथायलोबॅक्टेरियम. पाऊस पानापानांवरून उतरून खोडावरून खाली वाहतो तेव्हा धूळ, परागकण, पक्ष्यांची विष्ठा, माव्यानं सोडलेला चिकटा असं सगळं घेऊन येतो. खोडावर राहणाऱ्याला तीच रसद. उन्हापासून वाचायला इथले रहिवासी रंग अंगावर घेतात. गुलाबी, नारिंगी, पिवळे, काही बुरशी तर मेलॅनिननं काळ्याकुट्ट. आपल्या कातडीत असतं त्याच जातीचं रंगद्रव्य.

द्राक्षवेलींचे अभ्यास झाले तेव्हा असं दिसलं, की सालीवरची जिवाणूंची वस्ती पानांवरच्या आणि मण्यांवरच्या वस्तीपेक्षा दाट आणि विविध असते. ती मातीच्या जवळ जाणारी. पान वर्षभरात गळून जातं, फळ त्याहून लवकर. साल राहते. नव्या पालवीवर, फुलावर जे सूक्ष्मजीव येऊन बसतात, त्यांतले बरेच या जुन्या मोहल्ल्यातून येत असणार.

एका दिवाळीत मी प्रयोगशाळेतून आगरच्या, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या खळीच्या, सहा बशा घेऊन वरुडला गेले. एकाच झाडाच्या रेघेखालच्या आणि रेघेवरच्या सालीला त्या हलकेच टेकवल्या, झाकणं लावली आणि माजघरात ठेवून दिल्या. मामी म्हणाली, फ्रिजमध्ये ठेवशील तर खबरदार. चौथ्या दिवशी वरच्या सालीच्या बशा म्हणजे रांगोळीचं प्रदर्शन होतं. गुलाबी ठिपके, पिवळे थेंब, पांढरा कापूस, राखाडी मखमल. रेघेखालच्या बशांत वस्ती विरळ, पण रिकामी नाही. आणि त्यात एक जण ऐसपैस पसरलेला, आधी मलईसारखा, मग कडेनं काळा पडत जाणारा. सहा बशांवरून काही सिद्ध होत नाही, शिवाय सालीवरचे बहुतेक जीव आगरवर उगवतच नाहीत. तरी ती काळी पडत जाणारी वसाहत डोक्यात बसली. बघून वाटलं, हा ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स असावा, यीस्टसारखा दिसणारा एक बुरशीचा प्रकार.

मामा चष्मा लावून बशीवर वाकले. "हे सगळं आपल्या झाडावर राह्यते?"

"हो."

"भाडं देतेत का?"

तेव्हापासून सालीवरच्या सूक्ष्मजीवांना आमच्या घरात 'भाडेकरू' म्हणतात.

भाडं देतात का, हा प्रश्न थट्टेतला असला तरी खरा शास्त्रीय प्रश्न तोच आहे. काही देतात. ऑरिओबॅसिडियम जागा अडवून बसतो, साखर आधी खाऊन टाकतो, आणि त्यामुळे उपद्रवी पाहुण्याला पाय रोवायला मिळत नाही. युरोपात सफरचंद-नासपतीच्या अग्निकरपा रोगावर तो फुलांवर फवारतात. ट्रायकोडर्मा, रोगट बुरशींना आवर घालणारी एक बुरशी, तर आता तालुक्याच्या कृषी केंद्रातही पुडीत मिळतो. काही भाडेकरू नुसते राहतात, ना देणं ना घेणं. आणि काही संधी बघत बसलेले असतात, एखादी जखम झाली, फांदी मोडली, छाटणीचा काप उघडा राहिला, की आत. सालीवरची शांतता म्हणजे या सगळ्यांनी एकमेकांना दिलेली धक्काबुक्की असते.

या वस्तीतला एकच रहिवासी असा, जो आपल्याला नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि जो आपण खातोसुद्धा. दगडफूल. नाव दगडाचं, पण ते झाडांच्या सालीवरही वाढतं. बुरशी आणि शैवाल यांचा हा एकत्र संसार, घर बुरशीचं आणि स्वयंपाक शैवालाचा. आमच्याकडे सावजी मसाल्यात त्याच्याशिवाय चालत नाही, पुण्यात आल्यावर गोड्या मसाल्यातही तेच भेटलं. मसाल्यातली जात वेगळी, थंड डोंगराळ भागातली. संत्र्यावर येतात ती त्याची गरीब भावंडं, सालीला चिकटलेले करडे-हिरवट चकते, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर सरकणारे. मामांच्या बगिच्यात निळ्या रेघेच्या खाली एकही चकता नाही. वर आहेत, कधी कधी अगदी रेघेला टेकून, जणू तिथं पाटी लावली आहे.

शेजारचे एक काका हे चकते म्हणजे रोग समजून गोणपाटानं घासून काढतात. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, अर्थ चुकीचा आहे. वाळत चाललेल्या झाडावर चकते जास्त दिसतात, कारण पानं झडली की खोडाला ऊन मिळतं आणि शैवालाला तेच हवं असतं. झाड त्यांच्यामुळे वाळत नाही. त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, असंल.

आता या बोर्डोची जन्मकथा सांगायलाच हवी, कारण ती ऐकून मामा जेवढे खूश झाले तेवढे माझ्या एमएस्सीनंही झाले नव्हते. १८७८ च्या सुमाराला अमेरिकेतून आलेला केवडा रोग फ्रान्समधले द्राक्षमळे खाऊ लागला होता. १८८२ च्या ऑक्टोबरात मियार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक बोर्दोजवळच्या मेदोक भागातून जात होते. सगळीकडे वेली पानं गाळून उघड्या, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, वाटसरू द्राक्षं चोरतात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतात. निळं-हिरवं बघून माणूस घाबरतो, खात नाही. चोरांसाठी लावलेल्या औषधानं रोग अडवला होता. पुढं मियार्देंनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते जगापुढे ठेवलं. बोर्दोचं 'बोर्डो' होऊन ते आमच्या वावरात आलं.

"म्हंजे चोरायसाठी होतं थे!" मामांचे डोळे चमकले. त्यांचा बगीचा डांबरी रस्त्याला लागून आहे. आंबिया बहाराची फळं पिकायला लागली की मोटारसायकलवाले थांबतात. त्या वर्षी मामांनी रस्त्याकडेच्या झाडांना बोर्डो जरा जास्तच उंच लावला. चोरांनी फळं तरीही खाल्ली असणार.

तर हे तांबं काम कसं करतं? सालीवर त्याचा जो थर बसतो तो पाण्यात फार विरघळत नाही. दव, पाऊस, सालीवरची थोडीशी आंबट ओल यांत तो चिमटी-चिमटीनं सुटत राहतो. सुटलेला तांब्याचा आयन पेशीत शिरला की एकाच ठिकाणी घाव घालत नाही. दिसेल त्या प्रथिनाला, दिसेल त्या विकराला जाऊन चिकटतो आणि त्याची घडी मोडतो. फायटोफ्थोराचा पोहणारा बीजाणू असा मरतो. पण त्याच वाटेवरचा यीस्ट, गुलाबी जिवाणू, दगडफुलातलं शैवाल, सगळ्यांनाच हा प्रसाद मिळतो. ही लाठी आहे, जमावातला चोर ओळखून मारणारी गोळी नव्हे.

मग गोळी का वापरत नाही? वापरून झाली आहे. मेटॅलॅक्झिल नावाचं औषध १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. फायटोफ्थोराच्या कुळातल्यांवर ते नेमकं चालतं, खऱ्या बुरशींना फारसं शिवत नाही. सालीवरच्या वस्तीच्या दृष्टीनं किती शहाणं औषध! पण एकाच जागी घाव घालणाऱ्या औषधाला चुकवायला शत्रूला एकच बदल पुरतो. युरोपात बटाट्याच्या करप्यावर ते तीन-चार वर्षांतच ठिकठिकाणी निकामी झालं. आणि आमचं आडदांड तांबं एकशेचाळीस वर्षं झाली, अजून उभं आहे, कारण ते सगळीकडून मारतं. शेजाऱ्यांना वाचवणारं औषध टिकत नाही आणि टिकणारं औषध शेजाऱ्यांना वाचवत नाही, अशी ही कोंडी. मला ती अजून सुटलेली नाही.

तांबंही अजिंक्य नाही म्हणा. लिंबाच्या झाडावर खैऱ्या पाडणारा जिवाणू आहे, त्याच्या तांब्याला दाद न देणाऱ्या जाती १९९४ मध्ये अर्जेंटिनात सापडल्या. तांबं पचवण्याची जनुकं प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, असतात आणि प्लाझ्मिड जिवाणू एकमेकांना उसनं देतात. साखरेची वाटी शेजारी द्यावी तसं. सालीवर वर्षानुवर्षं तांब्याचा थर असेल, तर तिथं उरलेल्या वस्तीत अशी वाटी ज्याच्याकडे आहे तोच टिकणार. तो निरुपद्रवी असला तरी त्याच्याकडची वाटी उद्या कुणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही.

इटलीत त्रेंतिनो भागातल्या सफरचंदाच्या बागांमधला सालीचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सालीवरची वस्ती तीन गोष्टींनी बदलते असं त्यांना दिसलं. साल किती जुनी, बाग कुठं, आणि बागेत रोगांचा बंदोबस्त कसा करतात. आणि २०११ मधल्या द्राक्षमळ्यांच्या एका अभ्यासात असं आढळलं होतं, की सेंद्रिय मळ्यांमध्ये, जिथं तांबं आणि गंधकच वापरतात, तिथं ऑरिओबॅसिडियम अधिक होता. तो तांब्याला फारसा भीत नाही. ते वाचून माझी ती काळी कडा असलेली बशी आठवली. म्हणजे औषधानं मोहल्ला रिकामा होत नाही, त्याची वस्ती बदलते. नाजूक जातात, निबर राहतात. निबर राहिलेल्यांत एखादा आपल्या कामाचाही निघतो, हे आपलं नशीब.

सेंद्रिय म्हटलं की तांबं निर्धोक वाटतं, याचं मात्र मला आश्चर्य वाटतं. बाकीची औषधं उशिरा का होईना, विघटन पावतात. तांबं मूलद्रव्य आहे, ते कुठं जाणार? खोडावरून धुपून बुंध्याच्या मातीत. युरोपीय संघानं २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा घातली आहे ती याच धास्तीनं. मातीत आणखी एक भागीदार असतो. संत्रावर्गीय झाडांच्या मुळांवर केस कमी, म्हणून ती फॉस्फरस खेचायला मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीवर खूप अवलंबून असतात. फ्लोरिडात १९८६ मध्ये दाखवलं गेलं, की मातीत तांबं साचलं की रोपांना आणि या बुरशीला, दोघांनाही त्रास होतो. तिथली माती वाळूची, आंबट. आमची काळी, चुनखडीची, तांब्याला घट्ट धरून ठेवणारी, त्यामुळे धोका बराच सौम्य. पण धरून ठेवलेलं म्हणजे नाहीसं झालेलं नव्हे.

हे सगळं वाचून, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी मामांच्या मागे लागले. एक ओळ, बारा झाडं, बोर्डोशिवाय ठेवा. आळ्यात शेणखतातून ट्रायकोडर्मा देऊ. मामांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या शिक्षणावर आमचा इस्वास हाय." हे वाक्य मला अजून टोचतं. त्या वर्षी पाऊस मुक्कामाला आल्यासारखा राहिला. ऑगस्टअखेर ओळीतल्या दोन झाडांना डिंक आला. मामांनी धारदार सुरीनं कुजकी साल खरवडली, पोटॅशियम परमँगनेटनं धुतलं, वर बोर्डो लावला. एक वाचलं. दुसरं, चौदा वर्षांचं, पुढच्या बहाराला फुलांनी लदलदलं आणि उन्हाळ्यात गेलं.

ती ओळ उताराच्या टोकाला होती, तिथं पाणी साचायचं. बोर्डो असता तरी गेलंच असतं कदाचित. बारा झाडांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी स्वतःला सांगितलं. मामीला असल्या वाक्यांचा उपयोग नव्हता. चौदा वर्षांचं झाड म्हणजे तिच्या हिशोबात वर्षाला किती कॅरेट संत्री, हे तिनं मला एकदाच ऐकवलं. मामा काही बोलले नाहीत. उलट पुढच्या वर्षी त्यांनी उरलेली ट्रायकोडर्माची पुडी बोर्डोच्या बादलीतच ओतली. "दोन्ही औषधंच न!" म्हणाले. बादलीत तो ट्रायकोडर्मा किती मिनिटं जगला असेल, हे मी मोजलं नाही.

आता मी बोर्डो लावू नका असं सांगत नाही. रेघ थोडी खाली आणता येईल का, एवढंच विचारते. जमिनीच्या आणि कलमाच्या जोडाच्या आसपास तो लागतोच, पण हात पोचतो म्हणून वर वर जायची गरज आहे का? जोडच जमिनीपासून वीतभर उंच असलेली कलमं घेतली, ठिबकच्या नळ्या खोडापासून लांब सरकवल्या, उताराला चर काढला, तर शत्रूला पोहायला पाणीच कमी मिळतं. यातलं निम्मं मामांनी केलं. चर काढला. रेघ मात्र होती तिथंच आहे, कारण गडी तोच आहे आणि त्याचा हात तेवढाच लांब आहे.

यंदा मेमध्ये गेले होते. मेलेल्या झाडाच्या जागी दोन वर्षांचं कलम उभं आहे, अंगठ्याएवढं खोड, साल अजून हिरवट. मामांचे गुडघे आता वाकत नाहीत, ते बाजेवर बसून सूचना देतात. बादली माझ्यासमोर होती. मी खिळा बुडवला. वर काढला तर लाल.

"चुना टाक," मामा म्हणाले. मी मूठभर टाकला, काठीनं ढवळलं. निळा ढग उठला आणि बसला. मामा त्या कलमाकडे बघत होते.

"याच्यावर अजून कोनी राह्यले आलं नसन न वं?"

"आले असतील थोडे."

"मंग त्यायले सांग, दोन महिने दुसरीकडे राहा म्हना," ते म्हणाले, आणि ब्रश माझ्याकडे सरकवला.